मडमची ओटी

आधी अक्का. बाकी सगळं मागून.

अक्का म्हणजे जळगावात आम्ही ज्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो, त्या घराच्या मालकीणबाई. मी स्टेजवर जी काही वर्षं काढली, त्यात प्रत्येक तालमीला माझ्याबरोबर चालत आल्या त्या अक्का. लुगड्याची गाठ बांधून दिली ती अक्कांनी, आणि माझ्या नवऱ्याला 'बायको नाटकात काम करते, तुझं नाक कापलं गेलं का?' असं तोंडावर विचारलं तेही त्यांनीच. त्या नसत्या तर मी आजही पिवळा टोप डोक्यावर ठेवून 'गेट आऊट' ओरडत असते. म्हणून त्यांचं आधी सांगितलं. आता माझं रडगाणं.

मी कोकणातली. वेंगुर्ल्याच्या बाजूची. सातवीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती आणि होडीतून मुलीला रोज कोण पाठवणार, म्हणून शाळा सुटली. लग्न झालं आणि समुद्राच्या काठावरून उचलून मला थेट जळगावात आणून ठेवलं. हे पाइपच्या कारखान्यात होते. इथलं ऊन, इथलं पाणी, इथली भाषा, काहीच मला ओळखेना. चैत्रात दुपारी दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं व्हायचं. मासळीची आठवण यायची आणि मी शेवभाजी करायची. सारखी धास्ती असायची, आपलं काही चुकेल, कुणी हसेल.

यांच्या कारखान्यात नाटकाचं वेड असलेली मंडळी होती. त्यांचे पुढारी टाइम ऑफिसात कारकून होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. नाटक लिहायचेही तेच, बसवायचेही तेच आणि नंतर कसं छान झालं हे सांगत फिरायचेही तेच. त्यांना बाई मिळायची नाही. त्या काळात जळगावात स्टेजवर उभी राहील अशी बाई शोधणं म्हणजे वैशाखात तापीला पूर शोधण्यासारखं. नाशिकहून एक बाई मागवायचे. एकदा ते आमच्याकडे चहाला आले. मी कप ठेवला आणि ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मला वाटलं, चहात साखर विसरले.

"वहिनींचे डोळे घारे आहेत," ते यांना म्हणाले. घरात म्हैस आहे म्हणावं तसं.

झालं. त्या घाऱ्या डोळ्यांपायी मी इंग्रज झाले.

भाऊंनी लगेच एक नाटक लिहिलं. इंग्रजांच्या काळातलं. त्यात कलेक्टरची बायको, गोरी मडम. तिच्यासाठी पडद्याच्या सॅटिनचा फ्रॉक शिवून घेतला. ज्या शिंप्याने शिवला त्याने आयुष्यात मडम पाहिलेली नव्हती. त्याने बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र समोर ठेवून शिवला, आणि चित्रातली बाई बसलेली होती. त्यामुळे त्या फ्रॉकमध्ये बसलं तर तो बरा दिसायचा. उभं राहिलं की पुढून वर आणि मागून खाली. केसांचा टोप होता तागाचा. तो पिवळा दिसावा म्हणून हळदीत भिजवून वाळवला होता. खानदेशातला उन्हाळा, डोक्यावर ताग, वर पांढऱ्या पावडरीचा थर. दुसऱ्या प्रवेशापर्यंत माझ्या मानेवरून हळदीचे ओघळ उतरायचे. गोऱ्या मडमला हळद लागलेली! आणि पुढे बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती.

मला इंग्रजी येत नव्हतं. भाऊंनी देवनागरीत लिहून दिलं होतं, मी मंगलाष्टकं पाठ करावीत तसं केलं. कुठल्या वाक्याचा काय अर्थ ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. पहिल्याच प्रयोगात धांदलीत वाक्यांची अदलाबदल झाली. माळीबुवाला हाकलून द्यायचं होतं, तर मी बोट दाखवून डोळे वटारून किंचाळले, "वेलकम! वेलकम! सीट डाऊन!" माळीबुवा थरथर कापत निघून गेला. कुणाला काही कळलं नाही. भाऊ विंगेत म्हणाले, "वहिनी, काय तो राग!"

मला वाटलं होतं एक नाटक, मग सुटले. पण फ्रॉक शिवलेला होता ना. भाऊंच्या पुढच्या नाटकात रेल्वेच्या इंजिनिअरची बायको आली, मडम. त्यापुढच्यात दवाखान्यातली नर्स, तीही मडमच. एक नाटक तर हल्लीच्या काळातलं होतं, भावाभावांच्या भांडणाचं, त्यातही अजिंठ्याला निघालेली एक मडम वाट चुकून त्या भावांच्या केळीच्या बागेत शिरली. मी म्हटलं, "भाऊ, ही कशाला?" तर म्हणाले, "लोक वाट बघतात वहिनी."

लोक वाट बघतात हे मात्र खरं होतं. बाजारात गेले की भाजीवाली म्हणायची, "घ्या मडम, कवळी मेथी." पिठाच्या गिरणीत डबा ठेवला की, "मडमचं दळण आधी घे रे." किराणा दुकानातले मारवाडी शेठ, इतके गंभीर गृहस्थ, गल्ल्यावरून मान न उचलता विचारायचे, "मडम, साबूदाणा जाडा की बारीक?" माझं खरं नाव काय आहे हे त्या शहरात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले एक हे, आणि ते मला 'अगं' म्हणत.

अक्कांना मात्र हा प्रकार आवडत नसे. त्या चोपड्याच्या पुढच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावच्या. लग्न होऊन जळगावात कितीतरी वर्षं झाली, पण बोलणं माहेरचंच, अहिराणी. मला सुरुवातीला निम्मं कळायचं नाही. तालमीत त्या कोपऱ्यात पोतं टाकून बसायच्या आणि कापसाच्या वाती वळायच्या. एकदा घरी येताना म्हणाल्या, "हाई मडम खरी कशी ऱ्हास? देखेल शे का कोनी?" खरी मडम कशी असते, पाहिलीय का कुणी?

कुणीच पाहिली नव्हती. मग आम्ही दोघी गेलो जळगावच्या स्टेशनावर. अजिंठ्याला जाणारे गोरे लोक तिथेच उतरतात. बराच वेळ बाकावर बसलो आणि एक दिसली. एकटी, पन्नाशीची असेल. अंगात चुरगळलेला सुती कुडता, खाली पायजमा, केसांची बारीक वेणी, नाक उन्हाने भाजून सोललेलं. ट्रंकेवर बसून पायाचे फोड बघत होती. फ्रॉक नाही, छत्री नाही, ताठ मान तर नाहीच. अक्का उठल्या, पिशवीतली केळी तिच्या हातात दिली. ती बाई हसली, दोन्ही हात जोडले, आणि इतक्या भुकेने केळी खाल्ली की मला आपल्याच घरचं कुणी आल्यासारखं वाटलं.

"थकेल शे बिचारी," अक्का परत येऊन म्हणाल्या. "आपलासारखीच बाई शे. घर लांब ऱ्हायनं म्हनजे बठ्ठ्या बाया सारख्याच." घर लांब असलं की सगळ्याजणी सारख्याच, असं.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी तशी बसून दाखवली. खांदे पाडून, पाय चोळत. म्हटलं, भाऊ, खरी मडम अशी असते, मी बघून आले.

भाऊ म्हणाले, "खरी असेल वहिनी, पण पटणार नाही."

मी उठून पुन्हा टोप चढवला. 

तर अशी वर्षं गेली. मग भाऊंनी धुळ्याच्या स्पर्धेसाठी एक नाटक लिहिलं, आणि तालमीच्या पहिल्या वाचनालाच माझ्या अंगावर काटा आला. धरणात जाणाऱ्या गावातली एक आई. सगळं गाव सामान बांधतंय आणि ही दाणे पाखडत बसली आहे, चूल विझवायला तयार नाही. माणूस इतका डोकं उठवणारा, पण लिहिलं होतं चांगलं. त्यात मडम नव्हती. मडमला जागाच नव्हती. मला वाटलं, ही बाई मी ओळखते. घर सोडायला लागलेली बाई मला कुणी शिकवायला नको.

मी म्हटलं, "भाऊ, आई मी करते."

सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. भाऊ म्हणाले, "वहिनी, समजून घ्या. तुम्ही लुगडं नेसून आलात तरी लोक मडम म्हणून हसणार. हसले की नाटक मेलं. मी नाशिकच्या बाईंना निरोप पाठवलाय."

मी यांच्याकडे बघितलं. हे पडद्याची दोरी बघत होते. यांचं खातं पडद्याचं, आणि कुठलाही बिकट प्रसंग आला की यांना दोरी तपासायची आठवण व्हायची.

कोपऱ्यातून अक्का म्हणाल्या, "हसतीन का नही, ते आधीच कसं कळनं तुमले?"

शेवटी असं ठरलं: स्पर्धेच्या आधी एक प्रयोग खेड्यात लावायचा. अक्कांच्या माहेरच्या गावाला यात्रा असते, तिथे. आई मी करायची. लोक हसले नाहीत तर धुळ्याला मीच. हसले तर नाशिकच्या बाई, आणि मी पुन्हा कधी हट्ट धरायचा नाही.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला ती भूमिका हवी होती, पण तेवढंच नव्हतं. या मुलखात येऊन इतकी वर्षं झाली, आणि अजून मी बाहेरचीच. विलायतेहून नाही, वेंगुर्ल्याहून आलेली, पण बाहेरचीच. एकदा, एकदाच, मला या लोकांपुढे त्यांच्यातली बाई म्हणून उभं राहायचं होतं, आणि त्यांनी हसायला नको होतं.

अक्कांनी मला तयार केलं. दोन्ही खांद्यांवरून पदर कसा घ्यायचा, हंडा कमरेवर ठेवून चालताना पाऊल कसं पडतं, चुलीपुढे कुठल्या गुडघ्यावर भार द्यायचा. माझ्या बोलण्यात कोकणातला हेल यायचा तेव्हा त्या अशा हसायच्या की मीच थांबायची. रडण्याच्या जागी मी मान खाली घालून थांबले, तर म्हणाल्या, "थांबस कसाले? आमनाकडे बाई काम करता करताच रडस." मग मला सूप दिलं. दाणे पाखडायचे आणि रडायचं. हात थांबवायचा नाही. महिनाभर त्यांच्या अंगणात मी पाखडत रडले. शेजारणी विचारायच्या, मडमचं काही बिनसलंय का.

यात्रेला निघालो तो टेम्पोतून. सेट, पेट्या, माणसं, आणि दोरी धरून हे. तापी ओलांडली तेव्हा मला उलटी झाली, उन्हाने की भीतीने देव जाणे. गावात रात्री तमाशाचा फड होता, त्यामुळे आमचं नाटक दुपारी. बरोबर चार वाजता, म्हणजे जेव्हा कावळासुद्धा झाडाबाहेर पडत नाही. मांडवाचं कापड एवढं विरलेलं की ऊन चाळणीतून गाळल्यासारखं स्टेजवर पडत होतं.

मेकअपसाठी शाळेची एक खोली दिली होती. मी लुगडं नेसत होते आणि बाहेरून जीपवरच्या कर्ण्याचा आवाज आला: "या, या, या! आज दुपारी चार वाजता, आपल्या गावात, साक्षात विलायतेची मडम! पंचक्रोशीतल्या माता-भगिनींनो, अशी संधी पुन्हा नाही!"

माझ्या हातातून निऱ्या सुटल्या.

यात्रा समितीचे प्रमुख होते आबा. अक्कांचे चुलतभाऊ लागत. आदल्या वर्षी त्यांनी शेजारच्या गावात आमचं मडमवालं नाटक पाहिलं होतं. या वर्षी नाटक कुठलं हे त्यांनी विचारलं नाही, भाऊंनी सांगितलं नाही. आबांनी चार गावांत जीप फिरवली. बैलगाड्या जुंपून माणसं आली होती. मडम बघायला!

भाऊ घामाघूम होऊन खोलीत आले. हातात तो फ्रॉक.

"वहिनी, दोनच मिनिटं. सुरुवातीला मडम म्हणून या, 'गेट आऊट' म्हणा आणि जा. मग लुगडं नेसून आईची एंट्री."

"भाऊ, धरणाच्या नाटकात मडम कुठून आली?"

"धरण बघायला आली म्हणू."

"आणि हा फ्रॉक कुठून आला?"

"असू द्यावा म्हणून पेटीत टाकला होता."

असू द्यावा म्हणून! महिनाभर मी दाणे पाखडले, आणि या माणसाने फ्रॉक इस्त्री करून बरोबर आणला होता. मला रडू आलं. आणि माझी ती जुनी खोड, कुणी मोठ्याने बोललं की ऐकायचं. मी गाठ सोडायला लागले. दारात हे उभे होते. म्हटलं, अहो, तुम्ही तरी काही बोला. म्हणाले, "मी पडदा बघून येतो."

तेवढ्यात अक्का आल्या. बायकांच्या बाजूला जागा धरून बसल्या होत्या, कर्णा ऐकून उठून आल्या. माझ्याकडे बघितलं, फ्रॉककडे बघितलं.

"हाई काय करी ऱ्हायनी?"

भाऊ समजावू लागले, की अक्का, माणसं चिडतील, दगड येतील. अक्कांनी फ्रॉक त्यांच्या हातातून काढून घेतला, शांतपणे घडी केली, पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि पेटीवर बसल्या.

"आते काढा," म्हणाल्या.

अक्का अंगाने भरलेल्या. पेटीचं झाकण कुरकुरलं. पहिली घंटा झाली.

पडदा उघडला. चूल, हंडे, सूप. सुपात खरी ज्वारी, अक्कांनी गावातूनच मागून आणलेली. मी डोक्यावर पदर घेऊन विंगेतून आले आणि सुपाशी बसले. क्षणभर मांडव गप्प झाला. मला वाटलं, जिंकले.

मग मागून एक बारीक आवाज, "मडम उनी! मडम उनी व!" मडम आली, मडम आली, आणि हशा. शिट्ट्या. आदल्या वर्षी पाहिलेली माणसं होती ती, घाऱ्या डोळ्यांना ओळखत होती. ज्यांनी पाहिलं नव्हतं ते वेगळेच चिडले. "हाई कोन? मडम कोठे शे?" "आम्हले मडम देखनी शे!" "फसाडं रे आम्हले!" निम्मे मला मडम म्हणून हसत होते, उरलेले मी मडम नाही म्हणून ओरडत होते. मी वाक्य बोलले, मलाच ऐकू आलं नाही. हात पाखडत होते, अक्कांनी सांगितलं होतं म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं ते नाटकातलं नव्हतं. विंगेत भाऊंनी कपाळाला हात लावलेला मला दिसला. नाशिकच्या बाई धुळ्याच्या गाडीत बसल्याच म्हणायच्या.

आणि त्याच क्षणी आबा माइक घेऊन स्टेजवर आले.

हे मला सांगितलंच पाहिजे. खेड्यातल्या प्रयोगात सत्कार असतो. नाटक थांबवून. नाटकाच्या आधी नाही, नंतर नाही, मधेच. नायक मरत असला तरी त्याला मरायचं थांबवून सरपंचांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार होतो, मग नायक पुढे मरतो. मी कितीतरी वेळा कलेक्टर नवऱ्याच्या प्रेतावर पडून हार-तुरे संपायची वाट बघितली आहे. प्रेतालाही एकदा नारळ मिळाला होता, त्याने उठून घेतला. या प्रकाराचा मला इतका वैताग होता की आबांचा फेटा विंगेत दिसला तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, आता एवढंच राहिलं होतं.

आबांच्या हातात नारळ आणि खण, मागे कुंकवाचं तबक धरून एक पोरगा. माइक दोनदा फुंकून म्हणाले, "नाटक जरा थांबवू. विलायतेहून एवढ्या लांब आलेल्या आपल्या मडमबाईंचा गावातर्फे सत्कार..."

मांडव हशाने फुटला. आबांना कळेना काय झालं. मी सूप धरून बसले होते, उठावं की नाही कळत नव्हतं.

"थांब रे आबा."

अक्का. बाजूच्या फळीवरून स्टेजवर चढत होत्या, एका हाताने लुगडं सावरत. आबा थांबले. गावची लेक होती ती, आणि त्यांच्याहून मोठी. अक्कांनी आबांच्या हातातून नारळ घेतला, खण घेतला. माइक आबांच्याच हातात होता, पण अक्कांना माइकची गरज नव्हती.

"कोना सत्कार करस तू? मडमना? आठे मडम नही." मग मांडवाकडे वळून, "मडमनी ओटी कोनी भरस का रे?"

मांडवाला प्रश्न कळला. मडमचा सत्कार होईल, मडमला हार घालतील, पण ओटी? ओटी लेकीसुनेची भरतात.

"हाई मनी अंडेर शे," अक्का म्हणाल्या. ही माझी लेक आहे. "लांबथीन उनी शे. तिनी माय आठे नही, म्हनीसन मी भरस. बठ्ठा चूप बसा." लांबून आलीय, तिची आई इथे नाही, म्हणून मी भरते, सगळे गप्प बसा.

मी पदर पसरला. दुसरं काही सुचलंच नाही. अक्कांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात खण ठेवला, नारळ ठेवला. मग दाणे पाहिजेत, तर इकडेतिकडे न बघता वाकल्या आणि माझ्याच सुपातली, नाटकातली ज्वारी दोन्ही ओंजळींनी माझ्या ओटीत घातली.

मांडवात कुणी हसलं नाही.

मग जे झालं त्याला काय म्हणावं, मला अजून कळत नाही. गावच्या लेकीने तिच्या लेकीची ओटी भरली म्हटल्यावर बाकीच्या बायका बसून राहतील? त्या उठल्या. अक्कांची वहिनी, मग आबांच्या घरची, मग भावकीतल्या, मग ज्यांचा काही संबंध नाही अशाही. फळीवरून एक एक चढून आली, कुंकू लावलं, सुपातली एक मूठ ओटीत टाकली, उतरली. भाऊ विंगेतून हातवारे करत होते, आवरा, आवरा. यांनी पडदा ओढायला घेतला, तर अक्का ओरडल्या, "दोर सोड!" आणि यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोरी सोडली.

शेवटी बायका उतरल्या, अक्का उतरल्या. सूप रिकामं, माझी ओटी भरलेली. नाटक तिथेच अडलेलं होतं, पाखडण्याच्या प्रवेशात, आणि पाखडायला दाणाच नव्हता. एका हाताने ओटी धरलेली, ती सोडता येईना. सोडली तर ज्वारी सांडेल, आणि भरलेली ओटी सांडायची नसते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत. मग मी तशीच उठले. ओटी पोटाशी धरून चुलीशी गेले, हंड्यांशी गेले, दाराला हात लावला. घर सोडणाऱ्या आईची वाक्यं बोलले ती ओटी सांभाळत. तो भार खरा होता, खांदा खरा दुखत होता. हेल कोकणातला आला असेल, पण कुणी हसलं नाही. पुढे बसलेली एक म्हातारी मात्र पदर तोंडात धरून हुंदके देत होती, आणि मला तिच्याकडे न बघण्यासाठी फार कष्ट पडले.

परतताना टेम्पोत, तापीचा पूल आला तेव्हा भाऊ घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, धुळ्याला ओटी ठेवू या. मला पहिल्यापासून तिथे असं काहीतरी पाहिजे होतं."

पहिल्यापासून! अक्का माझ्या शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. न उघडता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बोलू दे तेले."

धुळ्याला आई मीच केली. दिग्दर्शनाचं बक्षीस भाऊंना मिळालं, ओटीच्या प्रसंगाबद्दल. परीक्षकांनी त्यांच्या कल्पकतेचं कौतुक केलं, तेव्हा सभागृहात मागे अक्का शेजारच्या अनोळखी बाईला, सगळ्यांना ऐकू येईल इतक्या हळू आवाजात सांगत होत्या, "ते मी करेल व्हतं." त्यानंतर मी पुष्कळ आया केल्या, सासवा केल्या. फ्रॉक अजून कुणाच्या तरी पेटीत असेल. जळगावची भाजीवाली शेवटपर्यंत मला मडमच म्हणत राहिली, तिथे काही उपाय चालला नाही. पण चोपड्यापुढच्या त्या गावात गेले की बायका विचारतात, अंडेर कधी उनी?

आता आम्ही धुळ्यात राहतो. अक्का जळगावातच आहेत, थकल्या आहेत, दोन वर्षांमागे त्यांचे यजमान गेले. भेटायला गेले की त्या माझ्या कपाळाला कुंकू लावतात आणि स्वतःचा हात पटकन मागे घेतात. ते मला बघवत नाही.

आमच्याकडे ओटी भरली की ओटीतले चार दाणे भरणारीच्या हातात परत द्यायचे असतात, तिचं घरही भरलेलं राहावं म्हणून. त्या दिवशी स्टेजवर, त्या गोंधळात, ते राहिलं. अक्का आठवणही काढत नाहीत, पण मला ते दाणे अजून पदरात असल्यासारखे वाटतात. मी ठरवलंय. अक्कांनी समुद्र बघितलेला नाही. एक दिवस त्यांना मी वेंगुर्ल्याला घेऊन जाणार. माझ्या आईच्या दारात पाटावर बसवणार, कुंकू लावणार, आणि त्यांची ओटी भरणार, तांदळाने आणि नारळाने. लोक म्हणतील, आता त्यांची ओटी भरत नाहीत. म्हणू देत. आणि अक्का स्वतःच नको नको म्हणायला लागल्या तर मी त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगणार, चूप बसा, तुम्हनी माय आठे नही, म्हनीसन मी भरस.